त्रिकोणी बाल्कनीला लाद्या किती लागतील?

गिरगावची_वहिनी
आमची बिल्डिंग दोन गल्ल्यांच्या बेचक्यात, त्यामुळे बाल्कनी त्रिकोणी. घराची भिंत ७ फूट, शेजाऱ्यांकडची ६ फूट ६ इंच, ग्रिलची बाजू ७ फूट ६ इंच. १ बाय १ च्या अँटी-स्किड लाद्या बसवायच्यात. मिस्त्री म्हणतो, "ताई, ५० मागवा, कटिंग फार जातं." मी ७ गुणिले साडेसहा भागिले २ केलं तर पावणेतेवीसच येतात. कोण बरोबर?

परळकर_७१
वहिनी, दोन्ही भिंतींमध्ये काटकोन असेल तरच तुमचं गणित बरोबर. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर काटकोन.

गिरगावची_वहिनी
५ कुठलं, ४ सुद्धा पुरतं भरत नाही.

जुना_ड्राफ्ट्समन
मग कोपरा चांगलाच अरुंद आहे. पण तिन्ही बाजू माहीत आहेत ना, मग कोनाच्या नादी लागूच नका. हेरॉनचं सूत्र घ्या. बेरीज २१, तिची निम्मी १०.५. त्यातून एकेक बाजू वजा केली की ३.५, ४ आणि ३. चारही आकड्यांचा गुणाकार ४४१, वर्गमूळ २१. म्हणजे जागा २१ चौरस फूट. पडताळायचं असेल तर ग्रिल आणि शेजारची भिंत जिथे मिळते तिथून घराच्या भिंतीपर्यंत गुण्यात (काटकोनात) दोरी धरा, ६ फूट भरेल. ७ गुणिले ६ भागिले २, परत २१. (१३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. तुमची बाल्कनी बरोबर त्याच्या निम्म्या मापाची. मला तर फारच मजा वाटली.)

मिस्त्रीचे ५० कुठून आले तेही सांगतो. ७ गुणिले ६.५ म्हणजे साडेपंचेचाळीस, वर १० टक्के. अख्खा चौकोन धरलाय त्याने.

पण म्हणून २१ लाद्या आणू नका, फसाल. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून त्रिकोण काढा, दोन भिंतींच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, आणि त्रिकोणाच्या आत पूर्ण किंवा जरा जरी येणारी प्रत्येक चौकट मोजा. मी आत्ता मोजल्या: घराच्या भिंतीपासून ७, ७, ६, ४, ३, २. एकूण २९. कापलेले तुकडे दुसऱ्या टोकाला वापरले तर यातल्या काही वाचतील, पण ते मिस्त्रीच्या हातावर आणि मूडवर.

लादीवाला_लालबाग
काकांचा हिशोब चोख. फक्त स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची लादीची पट्टी, राहिलं. दोन भिंती मिळून साडेतेरा फूट, दार अडीच फुटांचं असेल तर उरले ११. ४ इंचाच्या पट्ट्या एका लादीतून ३ निघतात, म्हणजे आणखी ४ लाद्या. शिवाय दोन-तीन जास्तीच्या त्याच बॅचच्या घेऊन माळ्यावर ठेवा, नंतर शेड जुळत नाही. आणि ढाळ कुठे दिलाय ते आधी बघा. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, टोकात साचता कामा नये.

गिरगावची_वहिनी
दार अडीच फुटांचंच आहे. ३६ सांगते. मिस्त्री तोंड वाकडं करेल, पण कागद दाखवेन त्याला.