बिडिंग झोनला मराठीत काय म्हणायचं?

मुसाफिर_माल्मो:
युरोपातल्या वीजबाजारावर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच पानावर 'बिडिंग झोन'पाशी गाडी अडलीय, म्हणजे विजेच्या लिलावात ज्या भागासाठी एकच भाव निघतो तो भाग. मी स्वीडनला असते, इथे १ नोव्हेंबर २०११ पासून वीजबाजारापुरते देशाचे चार तुकडे केलेत, उत्तरेला लुलेओ, मग सुंद्सवाल, मग स्टॉकहोम आणि सगळ्यात खाली आमचं माल्मो. वर मोठमोठ्या नद्या, धरणं, जलविद्युत भरपूर आणि माणसं कमी, खाली माणसं आणि कारखाने, त्यात इकडचं बार्सेबेकचं अणुवीज केंद्र २००५ ला कायमचं बंद झालं, आणि मधल्या तारा पुरत नाहीत, त्यामुळे एकाच वेळी वर वीज स्वस्त आणि आमच्याकडे महाग असं बऱ्याचदा होतं. स्वीडिश लोक याला 'एल-ओमरोदे' म्हणतात, म्हणजे सरळ वीजक्षेत्र. मराठीत 'बोली क्षेत्र' सुचलं, पण नवऱ्याने मसुदा बघून विचारलं की अहिराणीवर लिहितेयस का. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रोहित्र:
'बोली क्षेत्र' 😄 खरंच नको. आणि कुणीतरी 'परिमंडल' सुचवायच्या आधीच सांगतो, तो शब्द महावितरणने घेतलाय. पुणे परिमंडल, नाशिक परिमंडल, त्याखाली मंडल, विभाग, उपविभाग. ती कामकाजाची वाटणी आहे, तिथे भाव वेगळा निघत नाही.

बिडिंग झोन आपल्याकडेही आहेत बरं का, फक्त बोलताना 'बिड एरिया' म्हणतात. एनर्जी एक्स्चेंजवर, म्हणजे घाऊक विजेचा लिलाव होतो तिथे, देशाचे १३ आहेत, एन१, ई१, डब्ल्यू२ अशी नावं. महाराष्ट्र, गुजरात, उत्तर गोवा एकाच डब्ल्यू२ मध्ये, मध्य प्रदेश डब्ल्यू१, छत्तीसगड डब्ल्यू३. लिलाव अख्ख्या देशाचा एकत्रच होतो, तारांमध्ये जागा असेल तर सगळीकडे एकच भाव, आणि एखाद्या ठिकाणी वीज अडली की बाजार तिथे तुटतो, पलीकडे तुटवडा असेल तर तिकडचा भाव वर जातो. दक्षिणेची राज्यं कित्येक वर्षं हे भोगत होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली तेव्हा कुठे दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका लयीत आलं, तरी भावातला फरक लगेच नाही गेला.

शब्दवेल्हाळ:
दरविभाग? छोटा आहे, कळतो पण.

काकू_लासलगावच्या:
'दर' नको हो. दर कुणीतरी ठरवून देतं, एसटीचा दर, पाणीपट्टीचा दर, आपल्या घरच्या विजेचा दर नियामक आयोग ठरवतो. भाव निघतो. आमच्याकडे मार्केटात कांद्याचा भाव निघतो, कुणी म्हणत नाही आज काय दर ठरवला. या ताई सांगतायत तिथे तर लिलावातच निघतोय ना? मग भावक्षेत्र म्हणा.

शब्दवेल्हाळ:
काकूंशी सहमत. पण 'भावक्षेत्र' वाचून कुणाला भावगीत आठवलं तर? 😀

रोहित्र:
आठवू दे, विजेच्या लेखात कोण गाणार आहे. काकूंचा मुद्दा पक्का आहे, आणि म्हणूनच आपल्या बिलावर डब्ल्यू२ कधी दिसत नाही, भाव महावितरणसारख्या घाऊक घेणाऱ्यांना लागतो, आपल्यापर्यंत येतो तो दर. माल्मोत तो बिलापर्यंत पोचतो, हाच मोठा फरक आहे, लेखात नक्की लिहा.

मुसाफिर_माल्मो:
हो, इथे घर बदलून वेगळ्या क्षेत्रात गेलं की भाव बदलतो. इटलीत मात्र मजा होती, विकणाऱ्याला आपापल्या क्षेत्राचा भाव आणि घेणाऱ्याला बरीच वर्षं देशभर एकच सरासरी भाव. म्हणजे तिथे 'भावक्षेत्र' अर्धंच खरं. आणि जर्मनी तर तुकडे करायलाच तयार नाही, लक्झेंबर्गसकट सगळा एकच झोन, ऑस्ट्रियाही त्यात होता तो १ ऑक्टोबर २०१८ ला वेगळा केला. वारा उत्तरेला, कारखाने बव्हेरियाकडे, आणि बव्हेरियाचा विभागणीला कडक विरोध कारण त्यांची वीज महागेल. मग तारा भरल्या की उत्तरेच्या पवनचक्क्या थांबवायच्या, दक्षिणेत दुसरी केंद्रं चालवायची आणि तो खर्च सगळ्यांच्या बिलात. ब्रिटननेही जुलै २०२५ मध्ये देशभर एकच भाव ठेवायचं ठरवलं.

रोहित्र:
म्हणजे एकच भाव ठेवला तरी तार काही जाड होत नाही, पैसे फक्त दुसऱ्या रकान्यातून जातात. माझं मत विभागणीच्या बाजूने आहे, पण ते या धाग्यावर अवांतर. शब्द 'भावक्षेत्र' ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी बिडिंग झोन लिहा, आणि कंजेशनला, म्हणजे तारा भरून वीज अडते त्याला, 'पारेषण कोंडी' म्हणा, वाहतूक कोंडीमुळे लोकांना लगेच कळेल.

मुसाफिर_माल्मो:
दोन्ही घेतले, आभार 🙏 आता मार्केट स्प्लिटिंगला, म्हणजे वीज अडली की बाजार तुटून भाव वेगळे होतात त्याला, 'बाजार फुटणे' चालेल का?

काकू_लासलगावच्या:
नको, आमच्याकडे भाव फुटला म्हणजे पहिली बोली लागून भाव निघाला. तुम्ही 'भाव तुटक होणे' बघा, नाहीतर सरळ 'बाजार विभागला' लिहा.