चाळीच्या तुळयांचे जेवणाचे टेबल: लाकडाच्या ‘गोष्टी’चे पैसे मोजावेत का?

गिरगावकर:
आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा आमच्याच खोलीवरच्या सागाच्या दोन तुळया मी भंगारवाल्याकडून पैसे मोजून परत घेतल्या. प्रत्येक तुळई सुमारे नऊ फूट लांब असून खिळ्यांनी भरलेली आहे. त्यांतून सहा माणसांचे जेवणाचे टेबल करून घ्यायचे आहे. एक फर्निचर डिझायनर म्हणतात की, तुळई चिरून पाहिल्याशिवाय ते आराखडा देणार नाहीत आणि खिळ्यांची भोकेही बुजवणार नाहीत, कारण लाकडाला स्वतःची गोष्ट सांगू द्यायला हवी. आमचा नेहमीचा सुतार मात्र भोकांत लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, पॉलिश करून पंधरा दिवसांत टेबल देतो, तेही निम्म्याहून कमी पैशांत. डिझायनरच्या बोलण्यात तथ्य आहे का?

रंधा-पटाशी:
मी याच व्यवसायात आहे. आराखडा आधी न देणे हा नखरा नव्हे. तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात आणि तिथे वर्षानुवर्षे पावसाळ्याचे पाणी मुरलेले असते. त्यामुळे नऊ फुटांतून सातच फूट धड निघाले, तर टेबलाची लांबी कागदावर नव्हे, तर लाकूड चिरण्याच्या गिरणीतच ठरते. शिवाय आत तुटून राहिलेला एक खिळाही करवतीचे पाते खराब करतो, म्हणून चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढण्यात दिवस जातात. दरातला बराचसा फरक या मजुरीचा असतो.

तुमचे लाकूड बर्मा सागाचे असू शकते; बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली आणि तो साग या शहरात भरपूर आला. अशाच एका तुळईचे बाक मी केले होते. गंजलेल्या खिळ्यांभोवती लाकूड काळे पडले होते आणि ती काळी वर्तुळे ठरावीक अंतराने रांगेत होती, कारण तिथे वरच्या फळ्या ठोकलेल्या होत्या. बाकाच्या पट्ट्यांमधले अंतर मी त्या रांगेवरूनच घेतले.

लाकडाचे फर्निचर घडवणारे अमेरिकी कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५-१९९०) यांचे काम अवश्य पाहा. त्यांनी पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमाच्या गोलकोंद इमारतीवर काम केले होते आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचरही आखले. फळीतला तडा ते लपवत नसत. फुलपाखराच्या आकाराची पाचर आडवी बसवून तो तिथेच थोपवत, आणि ती पाचर सर्वांना दिसू देत.

शिवडीची सई:
गोष्ट ऐकून मी एकदा फसले आहे, म्हणून लिहिते. एका दुकानातून ‘जुन्या जहाजाच्या लाकडाचे’ टीपॉय घेतले. दारूखाना या बंदरालगतच्या भागात जहाजे मोडताना मुंबईकरांनी पाहिलेली असतात, त्यामुळे हे सहज पटते. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगल्या आणि पातळ थराखालचा दाबलेला भुसा बाहेर आला. तेव्हापासून मी विक्रेत्याला एवढेच विचारते, की या गोष्टीमुळे वस्तूचे कोणते माप किंवा कोणता सांधा बदलला? वर बाकाच्या पट्ट्यांबद्दल जे लिहिले आहे, तसे उत्तर मिळाले तर पैसे द्यावेत.

सुताराचा मुलगा:
तुमच्या सुताराला कमी लेखू नका, परंतु भोकांत पुट्टी न भरण्याबाबत डिझायनर बरोबर आहेत. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आखडते आणि भरलेली पुट्टी हळूहळू सुटते. घरात एसी असेल तर हे अधिकच होते. म्हणून टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळू देऊ नका. स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवल्या, तर लाकडाला हलायला जागा राहते. मात्र जेवणाच्या टेबलावर उघडी भोके मला पटत नाहीत, त्यांत आमटी जाणार आणि मुंग्या येणार. भोके असलेल्या फळ्या पायांना आणि बाजूच्या पट्ट्यांना वापराव्यात, स्वच्छ फळ्या वर घ्याव्यात. डिझायनर यालाही तयार नसतील, तर मग ती गोष्ट लाकडाची नसून त्यांची स्वतःची आहे.

गिरगावकर:
सर्वांचे आभार. आज लोहचुंबक घेऊन बसलो, तेव्हा एका तुळईत पाळण्याची कडी अजून तशीच अडकलेली सापडली. आम्ही तिन्ही भावंडे त्याच पाळण्यात वाढलो. ती काढल्यावर आरपार भोक राहील. तो तुकडा बाजूच्या पट्टीत घेता येईल का, हे उद्या डिझायनरना विचारतो आणि सुतारालाही.