माउंट एरर 79, शेअर काही केल्या लागत नाही

उबंटूच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, त्यात व्हर्च्युअल कर्नल (सिस्टिमचा गाभा, आभासी मशीनसाठीचा) आहे, सीआयएफएस शेअर म्हणजे नेटवर्कवरचं फोल्डर माउंट करतोय (जोडतोय) तर एरर 79 येतो, शेअर्ड लायब्ररी मिळत नाही म्हणे, सीआयएफएस-युटिल्स हे माउंटचं पॅकेज दोनदा काढून परत टाकलं, पासवर्डपण बरोबर आहे, घरच्या लॅपटॉपवरून तोच शेअर झटक्यात लागतो.

— लायब्ररी-बिब्ररी काही नाही, तो मेसेज नुसता चकवतो. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघ आधी.

— बघितलं. 'आयओकॅरसेट यूटीएफ8 नॉट फाउंड'. तो आयओकॅरसेट ऑप्शन, फाइलनावांचं एन्कोडिंग सांगणारा, माउंट कमांडमधून काढला तर लागतं, पण 'गणपती फोटो' फोल्डरच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं!

— मग झालं की. सीआयएफएस मॉड्यूल (कर्नलचा जोडभाग) लोड होतंय, पण त्याला लागणारं एनएलएस-यूटीएफ8 हे यूटीएफ8 नावांचं मॉड्यूल डिस्कवरच नाही, व्हर्च्युअल कर्नलसोबत मोजकीच मॉड्यूल्स येतात. यूनेम -आर कमांडला कर्नलचं जे व्हर्जन दिसेल त्याचंच लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज टाक, मग मॉडप्रोबने ते मॉड्यूल लोड कर.

— लागलं राव! दोन रात्री गेल्या यात.

— थांब, पुढच्या कर्नल अपडेटला परत रडशील, ते पॅकेज त्या एकाच व्हर्जनचं असतं. लिनक्स-इमेज-एक्स्ट्रा-व्हर्च्युअल टाकून ठेव, ते दर नव्या कर्नलसोबत त्याचं एक्स्ट्रा पॅकेजही आणतं, मी हे रविवारी बॅकअप बंद पडल्यावर शिकलो.