एकट्या म्हाताऱ्या माणसाला कुत्रं-ढोर पुरतं का?

आर्वीकडचा
पोरं पुण्या-नागपूरला, घरी म्हातारा नाहीतर म्हातारी एकटी. अशा घराला हल्ली सर्रास सांगतात, "एखादं जनावर पाळा, करमेल." मला हा सल्ला पटतो. आपल्याकडं ढोर घरचंच माणूस. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणतात. इतक्या रीतीनं शेजाऱ्याला तरी कोण बोलावतं? माणसाची जागा जनावर घेऊ शकतं असं माझं मत. पटत नसेल तर कारण सांगा.

पशुधन पर्यवेक्षक
नातं खरं असतं, त्यावर वादच नाही. कुत्रं आणि मालक एकमेकांकडं टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं 2015 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. गाईला पान्हा सोडायला लावणारं संप्रेरकही हेच. आणि घोळ नेमका इथं होतो. एकाच हाताची सवय झालेली गाय परका हात लागला की बिचकते, अ‍ॅड्रेनलिन (घाबरल्यावर सुटणारं संप्रेरक) वाढतं आणि ती पान्हा चोरते. म्हातारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सेवाग्रामला गेली आणि शेजारीण धारेला बसली, तर बरंच दूध कासेतच राहतं. साचलेल्या दुधात जंतू वाढतात, थान सुजतं, दगडासारखं लागतं, दुधात गाठी येतात. झाला कासदाह.

यावर इलाज आधीच करावा लागतो. जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून शेजारणीला दोन्ही वेळा सोबत बसवा. ढेप (पेंड) तिनंच टाकायची, वासरू तिनंच सोडायचं, मग धार तिनं काढायची आणि म्हातारीनं नुसतं जवळ उभं राहायचं. ऑपरेशननंतर काही आठवडे वाकणं, वजन उचलणं, धुळीत जाणं बंद असतं. म्हणजे शेण आणि कुटार (भुसा) दोन्ही दुसऱ्याच्याच अंगावर. गाय पाळायची तर दुसरं माणूस आधी लागतं, ही गोष्ट सल्ला देणारे सांगत नाहीत.

वऱ्हाडी गडी
राजेहो, माणूस माणूस करता, पण घरात चार माणसं असून म्हाताऱ्याले 'जेवला का' म्हणून कोणी पुसत नाही, त्याचं काय? बैलाले टायमावर पाणी नाही दाखवलं त हंबरते. म्हातारा उठते, बादली उचलते, दहा पावलं चालते. कुटारासाठी एकाच्या वावरात जाते, ढेपीसाठी दुकानात, गायक्यासंग घटकाभर बोलते. ढोर विकून टाकलं का हे सारं बंद! मग म्हातारा खाटीवरून हालत नाही. ढोरापायीच माणसं भेटते त्याले.

आशा गटप्रवर्तक
वऱ्हाडी भाऊ, हालचालीचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याच बैलामुळं गाव फसतं. "ढोरं पाहते ना, मंग बरा हाय," असं म्हणून कोणी जवळ जात नाही. तब्येत आतून ढासळलेली असते ती आधी कोठ्यात (गोठ्यात) दिसते. दोन दिवसांचं शेण तसंच, गव्हाणीत कालचं कुटार ओलं होऊन पडलेलं, बैलाच्या कानामागं गोचिडांचे घोस. लोक म्हणतात, म्हातारा आळसावला. खरं तर त्याला विचारायला हवं: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? हे दोन प्रश्न आशाच्या तपासणी फॉर्ममध्येच आहेत. ते बैल विचारणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी गावातच लोकांशी बोलायचं, गरज लागली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवायचं, अशी पद्धत. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. हा फरक पाडला तो दारात येऊन बोलणाऱ्या माणसानं.

गावठी कुत्र्याचा कैवारी
गाय-बैलावरच चाललंय. एकट्या माणसाला झेपणारं जनावर कुत्रं, पण निवड चुकते. पोरं कौतुकानं शहरातून लॅब्राडोर पाठवतात. मे महिन्यात 45 डिग्री, वर टिनाचं छप्पर. ते बिचारं धापा टाकतच जातं. गावठी घ्या. तेही पिल्लू नको, दोन-तीन वर्षांचं शांत कुत्रं घ्या. पिल्लू पायात घुटमळतं, आणि सत्तरीतलं खुब्याचं हाड मोडणं साधं नसतं. साखळी मनगटाला गुंडाळू नका, हिसका बसला की माणूस आडवा.

कांदा-लसणाच्या रश्शात कुस्करलेली भाकर घालू नका, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. साध्या भाकरीसोबत उकडलेलं अंडं द्या. आणि हात जोडून सांगतो, गोचीड मारायला पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारायचं औषध अंगावर ओतू नका. लाळ गळते, अंग थरथरतं, कुत्रं मरतं. आणि उघड्या हातानं कुरवाळणाऱ्या म्हातारीलाही ते लागतं. जनावरांसाठीचं औषध दवाखान्यातून घ्या, भिंतीच्या भेगाही लिंपा, कारण गोचिडाची अंडी तिथं असतात.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, मग बूस्टर आणि दरवर्षी. भटकं कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. चाव्यातून किंवा ओरखड्यातून रक्त आलं असेल किंवा जखमेवर चाटलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं.

आर्वीकडचा
तुम्ही सगळे व्यवस्थेतल्या अडचणी सांगताय. नातं अपुरं आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. माणसाच्या नात्यात अडचणी नसतात का?

पशुधन पर्यवेक्षक
असतात. पण माणूस आजारी पडला तर त्याला आपल्या अडचणी सांगता येतात, कुत्र्याच्या दुसऱ्यालाच ओळखाव्या लागतात. शेळीचंच घ्या. कळपाचं जनावर, एकटी बांधली तर दिवसभर ओरडते, चारा सोडते. म्हणून शेळी पाळायची तर किमान दोन, असं आम्ही सांगतो. तिला माणूस पुरत नाही आणि तुम्ही म्हणता माणसाला ती पुरेल.

वऱ्हाडी गडी
शेळीले दोन लागतात हे खरं. पण म्हाताऱ्याचा दुसरा पुण्याले बसला हाय ना भाऊ! तो येईलोक बैल राहू द्या.

आशा गटप्रवर्तक
राहू द्या. फक्त कोठ्याच्या दारावर खडूनं दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: एक शेजाऱ्याचा, म्हातारा दवाखान्यात असला तर पाणी दाखवायला, आणि एक 1962, पशुवैद्यकाच्या गाडीचा. आणि घरात, फोनच्या वर: म्हाताऱ्या माणसांच्या मदतीचा एल्डरलाइन 14567, मनाच्या त्रासासाठीचा टेली-मानस 14416.