मॅचच्या वेळी डोकं थंड कसं ठेवता? नक्की काय करता ते सांगा (अनुभव धागा)

तलावपाळीवाला

गेमिंग कॅफेची टूर्नामेंट असो नाहीतर कॉलेज फेस्ट, ठाण्यात असो नाहीतर वाशीत, एक गोष्ट दर वेळी दिसते. प्रॅक्टिसमध्ये ज्याच्या नादाला कोणी लागत नाही तो पोरगा पहिल्या राउंडला समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडत बसतो. माऊस तोच, एम (म्हणजे नेम) तोच, मॅप पाठ, तरी हात लाकडाचे होतात. म्हणून हा धागा. अट एकच, "रोज मेडिटेशन करा", "स्वतःवर विश्वास ठेवा" असलं ज्ञान नको, ते सगळ्यांना माहितीये आणि कोणी करत नाही. तुम्ही खुर्चीत बसल्यावर काय करता, टीममध्ये काय ठरलंय, घरचे काय म्हणतात ते लिहा. गेम कुठलाही चालेल.

माझ्यापासून सुरुवात. मी मॅचच्या दहा मिनिटं आधी बिल्डिंगचे दोन-तीन मजले चढून उतरून येतो. धडधड तर होणारच आहे, मग ती जिन्यामुळे झालीये असं डोक्याला वाटू दे ना. हसू नका, चालतं हे.

रबाळे रशर

बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा शेवटपर्यंत टिकायचा शूटिंग गेम, टीमचा आयजीएल (मॅचमध्ये हुकूम देणारा कॅप्टन) मी. कस्टम रूमला १६ टीम म्हणजे ६४ जण, आणि शेवटच्या झोनला (खेळायची जागा आक्रसत जाते ना, तिच्या शेवटच्या टप्प्याला) चार-पाच टीम उरल्या की आमच्या चौघांच्या माइकवर मासळी बाजार भरायचा. "इथे आहे इथे आहे मार मार", अरे इथे म्हणजे कुठे, तुझ्या इथे की माझ्या इथे? डोकं माझं समोरच्या टीममुळे कमी आणि आपल्याच पोरांमुळे जास्त तापायचं.

आता नियम केलाय. जो नॉक झाला, म्हणजे गोळ्या खाऊन आडवा पडला, त्याने एकदाच सांगायचं, कुठल्या दिशेने, किती लांब, समोरच्याला किती लागलंय. मग तोंड बंद. सॉरी पण म्हणायचं नाही. मेलेला माणूस सगळ्यात जास्त बोलतो कारण त्याला दुसरं काम नसतं, आणि नेमकं तेव्हाच जिवंत माणसाला पावलांचा आवाज ऐकायचा असतो. शेवटच्या दोन झोनला फक्त मी बोलणार, बाकीच्यांनी विचारलं तरच.

दुसरं म्हणजे पॉइंट टेबल. पहिल्या नंबरला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४ असं उतरत आठव्या नंबरपर्यंत, आणि प्रत्येक किलला १. म्हणजे एक मॅच पूर्ण वाया गेली तरी पुढे चांगली प्लेसमेंट काढून माणूस वर येतो. पण होतं काय, पहिल्याला लवकर उडाले की दुसऱ्या मॅचला पोरांना सगळं एकदम भरून काढायचं असतं, लगेच हॉट ड्रॉप (जिथे सगळ्यात जास्त टीम उतरतात तिथेच उडी), आणि परत दोन मिनिटात लॉबीत. म्हणून टेबल आमचा सब (बदली खेळाडू) बघतो, आम्ही चौघं बघतच नाही. तो मॅचच्या आधी मला एवढंच सांगतो, "प्लेसमेंट पायजे" नाहीतर "किल पायजेत". कितव्या नंबरवर आहोत ते विचारायचं नाही, आणि खरं सांगू, न विचारता बसणं हे खेळण्यापेक्षा अवघड आहे.

कळव्याची सेज

व्हॅलोरंट, पाच विरुद्ध पाचचा शूटिंग गेम. माझं जरा उलटं आहे. रँक्डमध्ये मुलीचा आवाज ऐकला की समोरच्या टीमआधी आपलीच टीम टोमणे सुरू करते, तिथे मी एका शब्दाचं उत्तर देत नाही, सरळ म्यूट. त्यामुळे टूर्नामेंट मला त्या मानाने सोपी वाटते, पाचही जणी ओळखीच्या असतात.

मला त्रास हातांचा. बोटं गार पडतात, अगदी मे महिन्यात सुद्धा. घाबरलं की शरीर हातापायाच्या कातडीकडचं रक्त आवरतं घेतं, त्यात कॅफेवाल्याचा एसी फुल. मग माऊस बारीक हलवायला जावं तर बोटं ऐकतच नाहीत. मी पूर्ण बाह्यांचा स्वेटशर्ट घालते आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी नेते, प्यायला नाही, दोन राउंडच्या मधे धरून बसायला. थर्मासवाली बाटली नको, तिची बाहेरची बाजू गरमच होत नाही.

क्लचचं, म्हणजे एकटीने राउंड काढायचं सांगते. स्पाइक (बॉम्ब) लावल्यावर फुटायला ४५ सेकंद, डिफ्यूजला (तो निकामी करायला) ७, आधी कोणी अर्धा करून ठेवला असेल तर साडेतीन. एकटी उरले की डोक्यात "सगळे मलाच बघतायत" सुरू होतं, ते बंद होत नाही, बंद करायला गेलं की वाढतं. म्हणून मी त्याच्या जागी हे आकडे ठेवते. किती सेकंद गेले, किती उरले, डिफ्यूजला किती लागतील, म्हणजे शोधायला किती मिळतात. हिशोब सुरू झाला की भीतीला बसायला जागा उरत नाही. आणि हो, मेलेल्या चौघींनी गप्प बसायचं हा नियम आमच्याकडे पण आहे.

बाय फेज, म्हणजे राउंडआधी हत्यारं विकत घ्यायचा वेळ, ३० सेकंदांचा असतो. नाकाने आत, तोंडाने हळूहळू बाहेर, बाहेर सोडायला जास्त वेळ घ्यायचा. श्वास सोडताना ठोके मंदावतात, मनगटावर बोट ठेवून बघा, कळतं. तिसरा श्वास होईपर्यंत मागच्या राउंडबद्दल कोणी बोलत नाही. मग फक्त पैसे किती आहेत आणि काय घ्यायचं.

पामबीचवरून

मी च्युइंगम चघळतो. बास. एफसी (फुटबॉलचा गेम) खेळतो, नव्वदाव्या मिनिटाला गोल खाल्ला की चघळायचा स्पीड वाढतो, बाकी काय टेक्निक नाय.

जुना टोकनवाला

मी इथे वयाने सगळ्यात मोठा असणार. नौपाड्यात टोकन टाकून खेळायच्या पार्लरमध्ये शिकलेली पिढी आमची. मागे पोरं उभी, हरलास की उठायचं, आणि टोकनचे पैसे घरून मागायची सोय नाही. ते प्रेशर होतं राव. आता टेक्केनच्या (मारामारीचा, फायटिंग गेम) ऑफलाइन टूर्नामेंटला जातो, गर्दीचं काही वाटत नाही ते त्यामुळेच असावं.

फायटिंग गेमवाल्यांनी २००४ च्या इव्होचा (फायटिंग गेमची मोठी टूर्नामेंट) तो व्हिडिओ पाहिलाच असेल. दाइगो उमेहाराच्या केनची (त्याच्या पात्राची) हेल्थ संपत आलेली, इतकी की सुपर, म्हणजे सगळ्यात मोठा वार, नुसता ब्लॉक केला असता तरी मेला असता, समोर जस्टिन वाँगची चुन-ली, तिने सुपर मारला आणि ह्याने त्यातल्या १५ च्या १५ लाथा पॅरी केल्या (अचूक वेळ साधून परतवल्या) आणि वर उलटा मारून जिंकला. अख्खा हॉल बेंबीच्या देठापासून ओरडत होता. लोक म्हणतात काय रिफ्लेक्स! मला नाही तसं वाटत. त्यातली पहिली पॅरी सुपर दिसल्यावर दाबून होतच नाही, आधीच अंदाज बांधावा लागतो. म्हणजे माणूस त्या क्षणाची वाट बघत बसला होता. टेक्केनमध्ये सेकंदाला ६० फ्रेम, जलद जॅब (झटपट ठोसा) १० फ्रेमचा, सेकंदाचा सहावा भाग झाला. तेवढ्यात काय डोंबलाचा विचार होणार? हाताला जे पाठ असतं तेच बाहेर येतं.

म्हणून माझं सगळं काम दोन गेमच्या मधे. हरलो की रिमॅच लगेच दाबत नाही. कंट्रोलर मांडीवर, रुमालाने दोन्ही तळहात पुसायचे, आणि समोरच्याने मला कशाने मारलं ते एका वाक्यात स्वतःला सांगायचं. "त्याने स्पॅम केलं" हे वाक्य चालत नाही. "मी उठताना दर वेळी बटण दाबतोय आणि तो तेवढ्यासाठीच थांबतोय" हे चालतं. वाक्य सापडलं की रिमॅच. शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, तो हसत असतो आणि त्याचा काही उपयोग नसतो.

घणसोली एक्सप्रेस

सगळे शांत शांत काय करताय? मी शांत झालो की मला झोप येते. मला राग पाहिजे. समोरच्याने मारून वर नाचून दाखवलं की माझा गेम खरा सुरू होतो.

टीवाय सायको

म्हणजे मानसशास्त्र, तृतीय वर्ष, सायको मी नाही. घणसोली, तुझं पण बरोबर असू शकतं. यर्कीस आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते, त्यातलं आजही शिकवतात. काम सोपं असेल तर ताण वाढवला तरी चालतो, उलट फायदा होतो. काम अवघड असेल, बारीक फरक ओळखायचा असेल, तर तेवढाच ताण घात करतो. माणसांचं सगळं याच्यात बसत नाही, पण टीममधले रोल बघ. सरळ आत घुसून पहिला फायर घेणाऱ्याला थोडा राग चालेल, आयजीएलला नाही. तू एंट्री फ्रॅगर, म्हणजे तो पहिला घुसणारा, आहेस का?

घणसोली एक्सप्रेस

हो. कसं ओळखलं?

ऐरोलीची आई

मी खेळत नाही, मुलगा खेळतो, धागा त्यानेच दाखवला. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नर्स आहे. बरीच वर्षं झाली.

सुरुवातीला मला त्याचा राग यायचा तो खेळण्यापेक्षा ओरडण्याचा. बंद दारातून पाच जणांचं भांडण ऐकू यायचं, शेजारच्या वहिनींनी विचारलं सुद्धा. मग एकदा बसून ऐकलं तर लक्षात आलं की पोरं चिडलेली नाहीत, आपलं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचलं की नाही हेच त्यांना कळत नाही, म्हणून तेच तेच मोठ्याने सांगतात. आमच्याकडे सर्जनने काही मागितलं की देणारी ते नाव परत उच्चारते. औषध असेल तर डोससकट. रक्तस्राव होत असला तरी कोणी आवाज चढवत नाही, चढवायची गरजच पडत नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही पण करून बघा. एक म्हणाला "बी वर दोन" (बी नावाच्या जागेवर समोरचे दोघं), तर ज्याचं काम आहे त्याने फक्त "बी दोन" म्हणायचं. आता दार बंद केल्यावर आवाज येत नाही. जिंकतात किती ते मला विचारू नका.

आमचा करार असा आहे की मॅच असेल त्या दिवशी कुकर आधी लावते आणि दार वाजवत नाही, त्याने मॅचचं वेळापत्रक आदल्या दिवशी फ्रिजवर लावायचं. वेळापत्रक नाही तर मी आत येणार आणि भाजी निवडायला बसवणार. ह्यांना अजून वाटतं हे जुगारासारखं आहे. त्यांना मुलाने समजावलं की पैसे लावायचे गेम वेगळे, त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात मान्यता आहे. पटलंय असं नाही, पण हल्ली मॅच चालू असताना टीव्हीचा आवाज कमी करतात.

रबाळे रशर

काकू, हे परत उच्चारायचं आजच टीमला सांगतो. जबरदस्त आहे.

राउटरबाबा, खारघर

तुम्ही सगळे मनाचं बोलताय, माझ्या मते अर्धी धडधड पिंगची (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेटला लागणाऱ्या वेळेची) असते. कधी उडेल माहीत नाही अशा नेटवर शांत कोण बसणार? पावसाळ्यात आमच्या सेक्टरला एक वीज कडाडली की लाइट डोळे मिचकावते, पीसी लॅपटॉप असल्यामुळे वाचतो पण राउटर रिस्टार्ट, आणि तेवढ्यात राउंड गेला. राउटरला छोटा यूपीएस घ्या, साध्या जेवणाच्या पार्टीच्या पैशात येतो. वायफाय नको, केबल ओढा. आणि नुसती पिंग बघू नका, ती स्थिर आहे का बघा, सतत ६० असलेली चालते, २० ची मधेच १५० होणारी नाही चालत.

मोबाइलवाल्यांनी चार्जिंगला लावून खेळू नका, फोन तापला की फ्रेम पडतात, गेम अडखळतो आणि तुम्हाला वाटतं तुमचाच हात स्लो झाला. कॉल बंद ठेवा. फायनल सर्कलला डिलिव्हरीवाल्याचा "सर गेटवर आहे" कॉल आलेला माणूस मी पाहिलाय. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

सानपाड्याचा कॅफेवाला

मी मॅचेस घेतो, म्हणजे खुर्च्यांच्या मागे उभा असतो. मागून बरंच दिसतं. पोरगा टेन्शनमध्ये आला की खांदे कानापर्यंत चढतात आणि नाक स्क्रीनला लागायला येतं. त्याला स्वतःला पत्ता नसतो. टीममधल्या एकाने तेवढं बघून "खांदे" असा एक शब्द टाकला तरी पुरतं.

बाकी निम्म्या लोकांचं टेन्शन ते घरूनच घेऊन येतात. रविवारी मॅच, ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक, ठाण्याची टीम रिक्षा बदलत बदलत घामाघूम होऊन पोचते आणि बसल्या बसल्या पहिला राउंड. शनिवारी ब्लॉक बघून ठेवा ना. सेन्सिटिव्हिटी, डीपीआय, कीबाइंड, माऊस-कीबोर्डच्या सगळ्या सेटिंगचा फोटो फोनमध्ये ठेवा, माउसपॅड स्वतःचा आणा. आमच्या टेबलाची उंची तुमच्या घरच्यासारखी नसणार, खुर्ची आधी वर-खाली करून घ्या, मॅच सुरू झाल्यावर नाही. आणि एनर्जी ड्रिंक रात्री ९ ला पिऊ नका रे, कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात, दुसऱ्या दिवशी सेमी असते आणि डोळे तारवटलेले. वडापाव खा, पण मॅचच्या मधे नको, तेलकट बोटं माझ्या माऊसला लागतात.

दिव्याचा डुओ

एक प्रश्न. आमच्यात एक जण मॅच चालू असतानाच ओरडतो, "तुझ्यामुळे गेला राउंड" वगैरे. खेळतो मात्र भारी. काय करायचं?

कळव्याची सेज

मॅचमध्ये उत्तर देऊ नका, मॅच संपल्या संपल्या पण नको, खाऊन-पिऊन झाल्यावर बोला. आम्ही रेकॉर्डिंग लावतो, ओरडली तिथे थांबवतो आणि पुढची वीस सेकंद सगळ्याजणी मिळून बघतो. त्या वीस सेकंदात कोणी एक तरी कामाचं बोललं का, कोणी कुठे बघत होतं, पुढचा राउंड कसा गेला. आमच्यावाली दुसऱ्यांदा बघितल्यावरच म्हणाली, बंद करा, कळलं. तुमच्यावाल्याला नाहीच कळलं तर आत्तापासून सब तयार करा, एम कितीही भारी असू दे त्याचं.