अनुभव धागा : इटालियन घरच्यांबरोबरचा शनिवार-रविवार

निळा कोट

काल दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक जुनी सुटकेस खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी माझा रोटरीचा निळा कोट सापडला. ज्यांनी रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात परदेशातल्या यजमान (होस्ट) कुटुंबात राहून वर्ष काढले आहे त्यांना या कोटाबद्दल काही सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगते की, देशोदेशींची मुले भेटली की एकमेकांना पिना देतात, त्या कोटावर टोचल्या जातात, आणि वर्षअखेरीस तो इतका जड होतो की हँगरवरून घसरतो. त्याच्या आतल्या खिशात पादोवा शहरातल्या स्क्रोवेन्यी चॅपेलचे 2004 सालचे तिकीट होते. ते हातात घेतले आणि अर्धा तास माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले.

मी व्हेनेतो प्रांतात विचेन्झा आणि पादोवा यांच्यामधल्या एका गावात होते. तिथे शनिवारीही दुपारी एकपर्यंत शाळा असे, त्यामुळे आमची सहल बहुधा रविवारीच होई. त्या रविवारी होस्ट आई, होस्ट बाबा, नऊ वर्षांचा धाकटा भाऊ आणि नोन्ना, म्हणजे आजी, असे आम्ही पाच जण लहानशा गाडीत दाटीवाटीने बसून निघालो. चॅपेलमध्ये जोत्तोने 1305 च्या सुमारास रंगवलेली भित्तिचित्रे आहेत, आणि बाहेरची धूळ व दमटपणा त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून प्रेक्षकांना आधी एका बंद काचेच्या खोलीत 15 मिनिटे बसवतात. मी आदल्या रात्री केसांना नेहमीप्रमाणे खोबरेल तेल चोपडले होते आणि सकाळी केस धुवायला वेळ मिळाला नव्हता. पाचव्या मिनिटाला त्या खोलीत दुसरा कसलाही वास उरला नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले, आणि धाकट्या भावाने खणखणीत आवाजात विचारले, "बाउंटी चॉकलेट कोण खात आहे?" (बाउंटीत खोबरे भरलेले असते.)

मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. नोन्नाने काहीही न बोलता स्वतःचा रुमाल काढला, माझ्या डोक्याला बांधला, आणि हनुवटीखाली गाठ मारताना माझ्या गालावर एक हलकी चापट दिली. आत गेल्यावर सगळे जण निळ्या छतावरचे सोनेरी तारे पाहत होते. नोन्ना मात्र मला हाताला धरून एका चित्राकडे घेऊन गेली. शहराच्या दाराशी एक म्हातारे जोडपे एकमेकांचे चुंबन घेत आहे, असे ते चित्र आहे. ते मेरीचे आईवडील, अ‍ॅना आणि योआकिम. नोन्ना म्हणाली, "सगळे येशूला बघायला येतात, मी त्याच्या आजी-आजोबांना बघायला येते." तोवर मी त्या घरी पाहुणी होते. त्या चापटीनंतर राहिले नाही.

इटलीत कुटुंबात राहिलेल्या सर्वांनी आपापल्या अशा एखाद्या सहलीबद्दल लिहावे, ही विनंती. पर्यटनस्थळांची माहिती कुठेही मिळते, तिथे तुम्हाला कोण घेऊन गेले आणि काय घडले ते सांगा.

नाशिकचा द्राक्षवाला

ताई, तेलाचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आले, हसून आणि थोडे दुसऱ्या कारणानेही. माझी आठवण कोणत्याही चॅपेलची नाही, ती महामार्गावरच्या एका थांब्याची आहे. मिलानहून नेपल्सला जाणारा जो महामार्ग 1964 मध्ये पूर्ण झाला, त्यावरून आम्ही ओर्व्हिएतोला निघालो होतो. वाटेत कॉफीसाठी थांबलो. होस्ट बाबांनी माझ्या हातावर पैसे ठेवले आणि सर्वांसाठी कॉफी आणण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण माझी इटालियन भाषा सुधारावी असा त्यांचा ध्यास होता. मी काउंटरपाशी जाऊन दहा मिनिटे उभा राहिलो. माझ्या मागून आलेले लोक कॉफी पिऊन निघूनही गेले, आणि मी मनातल्या मनात वर्णद्वेषावर एक निबंध रचून टाकला. शेवटी एका ट्रकचालकाने मला खांद्याला धरून गल्ल्याकडे वळवले. तिथे आधी पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची आणि मगच कॉफी मागायची, अशी पद्धत होती. बाबा हे सारे दारातून पाहत हसत उभे होते.

ओर्व्हिएतोची विहीर मात्र अवश्य पाहावी. तिच्यात 248 पायऱ्यांचे दोन गोलाकार जिने एकमेकांत गुंफलेले आहेत, जेणेकरून पाणी आणायला उतरणारी खेचरे आणि भरून वर येणारी खेचरे यांची वाटेत गाठ पडू नये. होस्ट आई एका जिन्याने उतरली, मी दुसऱ्याने, आणि मधल्या खिडक्यांतून आम्ही एकमेकांना हात करत राहिलो.

पंचगंगेकाठी

मी मूळचा कोल्हापूरचा. 2015 साली मी फ्लोरेन्सजवळच्या एम्पोली येथे एका कुटुंबात होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो, म्हणून आम्ही उफ्फीत्सी पाहायला गेलो. रांगेचे शेपूट पाहून होस्ट बाबांनी कपाळाला हात लावला. ते मुळातच कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा घड्याळ पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चल, तुझ्या राजाला भेटू." मला वाटले, माझे इटालियन पुन्हा एकदा दगा देत आहे.

शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशीने नावाची एक लांबच लांब बाग पसरलेली आहे. ती संपते त्या टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, आणि त्या संगमाजवळ छत्रीसारख्या मंडपाखाली एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. डोक्यावर पगडी, गळ्यात अलंकार. मी जवळ जाऊन नाव वाचले आणि अंगावर काटा आला, कारण ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज होते. (शाहू महाराजांचे पुत्र राजाराम नव्हेत, त्यांच्या आधीचे. हा घोटाळा आमच्या गावातही पुष्कळ जण करतात.) इंग्लंडचा प्रवास आटोपून परतीच्या वाटेवर असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे विशीचे होते. फ्लोरेन्स त्या काळात इटलीची राजधानी होते आणि तिथे दहनाची प्रथा नव्हती, तरीही परवानगी मिळाली, आणि दोन नद्यांचा संगम पाहून त्या जागी अंत्यसंस्कार करण्यात आला. स्मारक 1874 चे आहे. पलीकडे जो तारांनी तोललेला पूल दिसतो त्याचे नावच 'पोन्ते आल्लिन्दियानो', म्हणजे भारतीयाचा पूल.

बाबांनी मला सांगितले की, लहानपणी ते वडिलांच्या सायकलवर बसून इथे येत असत आणि पुतळ्याला सगळे नुसते 'इन्दियानो' म्हणत, त्याला नाव आणि गाव आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी त्यांच्या घरी येणार हे ठरल्यावर त्यांनी माझ्या कागदपत्रांत 'कोल्हापूर' वाचले आणि मग शोध घेतला. म्हणजे तीन महिने हे गृहस्थ ही गोष्ट मनात ठेवून होते! मी चपला काढल्या, संगमावर जाऊन ओंजळभर पाणी आणले आणि चौथऱ्यापाशी वाहिले. बाबांनीही बूट काढले. नोव्हेंबरचा गारठा होता, मोजे ओले झाले, आणि घरी आल्यावर होस्ट आईने आम्हा दोघांनाही सारखेच फैलावर घेतले.

निळा कोट

पंचगंगेकाठी, बाबांनी बूट काढले इथे मी वाचायची थांबले आणि आईला हाक मारून तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माणसाला एवढे कळले की पुरे."

सातवे सेमिस्टर

मोठ्या आठवणींमध्ये माझी ही क्षुल्लक गोष्ट. बोलोन्या येथे पदवी मिळण्याआधी आसिनेल्ली मनोरा चढला तर विद्यार्थ्याची पदवी अडते, अशी समजूत आहे. माझी होस्ट बहीण विद्यापीठात शिकत होती, म्हणून ती खालीच थांबली आणि मला चढू नकोस म्हणून हात जोडू लागली. मी अकरावीतला शहाणा मुलगा, अंधश्रद्धेवर तिला छोटेसे व्याख्यान दिले आणि 97 मीटर उंचीचा तो मनोरा 498 पायऱ्या मोजत चढून गेलो. पुढे अभियांत्रिकीत माझा गणिताचा एक विषय तीनदा राहिला. दर निकालाच्या दिवशी तिचा एकच संदेश येत असे आणि त्यात फक्त मनोऱ्याचे छायाचित्र असे. शेजारचा गारिझेंदा मनोरा धोकादायक झाल्यामुळे 2023 मध्ये आसिनेल्लीवरही जाणे बंद केले. इतर विद्यार्थी वाचले, असे मी समजतो.

लेकीची आई, नागपूर

मी स्वतः इटलीला गेलेली नाही, तरी लिहिते. माझी मुलगी गेल्या वर्षी पुल्या भागात होती. एका रविवारी त्या कुटुंबाने तिला मातेरा येथे नेले आणि तिने तिथून व्हिडिओ कॉल लावला. डोंगरात कोरलेली घरे, आत एकाच खोलीत माणसे, खेचर आणि कोंबड्या राहत, 1950 च्या दशकात सरकारने त्या लोकांना नव्या वस्तीत हलवले, असे ती भरभरून सांगत होती. मला माझ्या आजोळचे घर आठवले, ओसरीला लागून गोठा आणि रात्रभर गळ्यातल्या घंटेचा आवाज. मी तिला ते सांगणार, एवढ्यात ती मागे वळून त्या बाईंना "मम्मा, जरा इकडे ये" म्हणाली.

मी फोनवर हसले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन घासायची गरज नसलेली भांडी घासली. हे कोणाला सांगितले नव्हते.

पंचगंगेकाठी

काकू, माझ्या आईनेही तेच केले होते असे तिने मला लग्नात सांगितले. फरक इतकाच की, तिने पितळेची भांडी घासली होती.

तेरचा

मी मराठवाड्यातला, आणि माझे होस्ट कुटुंब कासेर्ता येथील होते. त्यांनी मला शनिवारी दुपारी पाँपेई आणि रविवारी नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय असा बेत आखून दिला होता. पाँपेईच्या रस्त्यात ओलांडण्यासाठी उंच दगड बसवलेले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी चाकांच्या खोल चाकोऱ्या गेलेल्या आहेत. चाकोरी हा शब्द मी तोवर निबंधातच वापरला होता, तिथे तिच्यात पाय घालून पाहिला.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात होस्ट आजोबा मला एका हस्तिदंती मूर्तीपाशी घेऊन गेले. वीतभर उंचीपेक्षा थोडी मोठी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत वाळे, दोन्ही बाजूंना दासी. 1938 मध्ये ती पाँपेईच्या उत्खननात निघाली, म्हणजे इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीने शहर गाडले त्यापूर्वीच ती भारतातून तिथे पोहोचली होती. आजोबांना ती लक्ष्मी म्हणून ठाऊक होती. अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेर येथे मिळालेल्या आहेत. तेर हे माझ्या आजीचे गाव. तिथल्या संग्रहालयात शाळेच्या सहलीने जाऊन मी काचेवर नाक दाबून उभा राहिलो होतो, आणि गुरुजींनी कान पिळला होता. नेपल्समध्येही नकळत नाक काचेला टेकले. यावेळी कान आजोबांनी पिळला!

डब्यातला शेवटचा

सर्वांचेच होस्ट बाबा बोलके नसतात. मी तोरीनो येथे होतो. माझ्या होस्ट वडिलांची नोकरी त्या हिवाळ्यात गेली होती, घरात ताण होता, आणि सहलीचा विषय निघत नसे. सुट्टीच्या दिवशी आम्ही आजीकडे जेवायला जात असू आणि दुपारी एक ते पाच त्याच टेबलाशी बसत असू. इटली पाहिली का, असे कोणी विचारले तर मी तीन महिने टेबलक्लॉथ पाहिला, असे सांगत असे. मनात कडवटपणा होता, तो लपवत नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी ते अचानक म्हणाले, "जॅकेट घे." आम्ही ट्रॅमने सुपेर्गाच्या टेकडीवर गेलो. वर भव्य बॅसिलिका आहे, तिच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले. 4 मे 1949 रोजी लिस्बनहून परतणारे तोरीनो फुटबॉल संघाचे विमान धुक्यात त्या भिंतीवर आदळले आणि 31 जण मरण पावले, त्यांत 18 खेळाडू होते. तिथे त्या सर्वांची नावे कोरलेली आहेत. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचले, मला नावे म्हणायला लावली, आणि माझे उच्चार चुकले तिथे थांबून दुरुस्त केले. उतरताना ते म्हणाले की, त्यांचे वडील त्यांना दरवर्षी इथे आणत असत आणि त्यांची स्वतःची मुले आता यायला तयार नसतात. पुढे महिनाभर ते पुन्हा फारसे बोलले नाहीत. मला ती नावे अजून क्रमाने पाठ आहेत.

सातवे सेमिस्टर

दादा, वरच्या मनोऱ्याच्या गोष्टीबद्दल आता लाज वाटते आहे. ताई, एक राहूनच गेले : त्या बाउंटीवाल्या भावाचे पुढे काय झाले?

निळा कोट

नोन्ना 2016 मध्ये गेली. रुमाल माझ्याकडे आहे, तो कोटाच्या बाहीत होता. भाऊ आता एकोणतिशीचा आहे आणि व्हेरोना येथे नोकरी करतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. वडिलांसारखे टक्कल पडण्याची लक्षणे दिसू लागल्यामुळे त्याने खोबरेल तेलाच्या दोन मोठ्या बाटल्या मागवल्या आहेत, आणि पार्सलवर तेल लिहू नकोस, चॉकलेट लिही, असे बजावले आहे.