गुडघे दुखणाऱ्या रुग्णाची स्ट्रेस थॅलियम चाचणी कशी करतात?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ६६ वर्षे आहे. जिना चढताना तिला छातीत जडपणा जाणवतो, म्हणून डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम चाचणी (ताण पडल्यावर हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते का, हे पाहणारी) सुचवली आहे. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले असल्यामुळे ट्रेडमिलवर धावावे लागेल या विचारानेच ती धास्तावली आहे. शिवाय शरीरात किरणोत्सर्गी औषध सोडतात हे कळल्यापासून नातवंडांना जवळ घ्यावे की नाही, अशी शंकाही तिला सतावते. त्या दिवशी नेमके काय होते?

उत्तर १:
माझ्याही गुडघ्यांमुळे मला चालवले नाही; त्याऐवजी पाठीवर झोपवून शिरेतून अ‍ॅडेनोसिन हे रक्तवाहिन्या रुंद करणारे औषध दिले. मिनिटभरातच मान आणि कान तापले, छाती आवळल्यासारखी झाली आणि आता काहीतरी बिघडणार असे वाटले. पण औषध बंद होताच दोन मिनिटांत सारे शमले. डॉक्टर शेजारीच उभे होते आणि ईसीजी अखंड चालू होता. मला खरा त्रास झाला तो कॅमेऱ्याखाली, दोन्ही हात डोक्यामागे घेऊन पंधरा-वीस मिनिटे निश्चल पडून राहताना, कारण माझा खांदा आधीपासूनच आखडलेला होता.

एक कबुलीही देतो. पहिल्या तारखेला मी सवयीने पहाटे अर्धा कप चहा घेतला होता, आणि तेवढ्यावरून मला परत पाठवण्यात आले. तेव्हा राग आला होता.

उत्तर २:
मी गॅमा कॅमेऱ्यावर, म्हणजे या चाचणीची चित्रे काढणाऱ्या यंत्रावर, तंत्रज्ञ म्हणून काम करतो. त्या अर्ध्या कपाचे कारण असे, की रक्तवाहिन्या रुंद करण्यासाठी अ‍ॅडेनोसिन पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टर) चिकटते तेच ग्राही चहा-कॉफीतले कॅफीन अडवून ठेवते, त्यामुळे औषधाचा परिणाम पुरेसा होत नाही आणि दोष असूनही चित्र चांगले दिसू शकते. म्हणून चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट किमान १२ तास, आणि बऱ्याच ठिकाणी २४ तास, बंद ठेवायला सांगतात. कॅफीन काढलेली कॉफीही चालत नाही, कारण तिच्यात थोडे कॅफीन उरतेच.

थॅलियम हे नाव लोकांच्या तोंडी राहिले असले, तरी आता बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत पोहोचते आणि जिथे रक्त कमी, तिथे चित्र फिके उमटते. विश्रांतीच्या आणि ताणाच्या अशा दोन्ही चित्रांत फिका दिसणारा भाग बहुधा जुन्या इजेचा असतो. ताणातच फिका पडणारा भाग रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याचे सुचवतो. दोन्ही चित्रे एकाच दिवशी काढायची असल्यास तीन-चार तास धरून चला. त्यातला बराचसा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, कारण आतडे आणि यकृतातले औषध ओसरेपर्यंत हृदयाचा खालचा भाग स्पष्ट दिसत नाही.

टेक्नेशियमची किरणोत्सर्गिता दर ६ तासांनी निम्मी होते. त्या दिवशी भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीला जावे आणि लहान मुलाला फार वेळ मांडीवर घेऊन बसू नये. एकत्र जेवायला किंवा बोलायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता:
आपला आभारी आहे. आईला दमा आहे आणि ती रोज पंप घेते, हे सांगायचे राहिले. त्याने काही फरक पडतो का?

उत्तर २:
हो, मोठा फरक पडतो, आणि चाचणीच्या दिवसाची वाट न पाहता आजच फोन करून हे कळवावे. अ‍ॅडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून अशा रुग्णांना बरेचदा त्याऐवजी हृदयाचा वेग वाढवणारे डोब्युटामिन देण्याचा विचार होतो; निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पंप सोबत आणावा. बीटा ब्लॉकर गटातली (हृदयाचा वेग कमी करणारी) गोळी चालू असेल, तर ती थांबवायची की नाही हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे, आपल्या मनाने बंद करू नये.